छावणीतून रानात आलेला खेळ

हातात नकाशा आणि होकायंत्र. नेमून दिलेली ठाणी क्रमाने गाठायची आणि कमीत कमी वेळात परतायचं. वाट ज्याची त्याने ठरवायची. हा ओरिएंटियरिंगचा खेळ, आणि त्याचं कूळ लष्करी आहे.

स्वीडनच्या कार्लबर्ग लष्करी अकादमीत 1886 साली हे नाव पुढे आलं. तेव्हा तो नकाशावरून अनोळखी मुलूख ओलांडण्याचा सैनिकी सराव होता. 28 मे 1893 रोजी स्टॉकहोमच्या छावणीत अधिकाऱ्यांची शर्यत झाली. हा खेळ सर्वांना खुला झाला शेजारच्या नॉर्वेत. 31 ऑक्टोबर 1897 रोजी ओस्लोजवळ एका क्रीडा क्लबने शर्यत भरवली. ठाणी तीन, धावणारे आठ!

त्याला लोकांचा खेळ केलं ते मेजर एर्न्स्ट किलँडर या स्वीडिश लष्करी अधिकाऱ्याने. ते बालवीर चळवळीतलेही कार्यकर्ते. तरुण मैदानी शर्यतींकडे पाठ फिरवताहेत हे पाहून त्यांनी पायांच्या जोडीला डोक्यालाही काम दिलं. 25 मार्च 1919 ला स्टॉकहोमजवळ त्यांनी मोठी स्पर्धा घेतली आणि खेळाने मूळ धरलं. 1961 मध्ये 10 देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला.

आपलं नगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर आणि आताचं अहिल्यानगर, तर लष्कराचंच शहर. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे 1948 पासून आहे. एनसीसीचे कॅडेट मॅप रीडिंग शिकतातच. ही विद्या शहरातल्या आपल्या नागापूरच्या घराघरांत यायला काय हरकत आहे?

सुरुवात सोपी आहे. वसाहतीचा नकाशा हातात घ्या. त्यावरचा मनमाड रस्ता आणि समोरचा खरा रस्ता एका दिशेत येईपर्यंत कागद फिरवा. मग सीना नदीही आपल्या जागी दिसू लागते. आपण उभे आहोत तिथे अंगठा ठेवा, आणि पुढे जाल तसा तोही सरकवा. स्पर्धेत प्रत्येक ठाण्यावर पांढरा-केशरी झेंडा असतो. घरच्या खेळात शाळेच्या मैदानावर रंगीत फडकी बांधली तरी भागतं. लहानग्यांना मोठ्यांसोबत जोडीने सोडा आणि हमरस्ता ओलांडावा लागेल असं ठाणं ठेवू नका.

मोबाइल वाट दाखवतो. हा खेळ वाट शोधायला शिकवतो. येत्या रविवारी नकाशा मुलांच्या हातात द्या, आणि त्यांनी ठरवलेल्या वाटेने तुम्ही चाला.