संगणकाची गोडी म्हणजे गणिताची गोडी नव्हे

शेवगाव तालुक्यात शाळेच्या डिजिटल वर्गाचे उद्घाटन असले की भाषणांत एक विधान हमखास येते: संगणकामुळे मुलांना शाळेची गोडी लागते, आणि गोडी लागली की शिकणे आपोआप होते. सरपंच ते म्हणतात, केंद्रप्रमुख म्हणतात, पालकही माना डोलावतात. बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांतही तेच सापडते. मुलांना प्रश्नावली दिली जाते, ‘मला संगणकाचा तास आवडतो’ यापुढे ‘पूर्णतः सहमत’ अशी खूण होते, आणि संगणकाचा अध्ययनावर अनुकूल परिणाम होतो असा निष्कर्ष निघतो. या निष्कर्षावर सरकारचा आणि गावाचा पैसा खर्च होतो, म्हणून तो तपासायला हवा.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल होऊ लागल्या. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची छोटी डिजिटल शाळा महाराष्ट्रभरच्या शिक्षकांना आदर्श वाटली. त्याआधी 2007 मध्ये रायगडच्या कर्जत तालुक्यातल्या खैरात धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेत, ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हा जागतिक प्रयोग भारतात प्रथम आला. अशा शाळांत मुले हौसेने येऊ लागली आणि गावाला आपल्या शाळेचा अभिमान वाटू लागला, हे खरे आहे. कापूस वेचून, ऊस तोडून मिळालेल्या पैशातून वर्गणी देणाऱ्या माणसाची श्रद्धा मी हलकी मानत नाही. त्या श्रद्धेला योग्य फळ मिळावे, एवढाच माझा आग्रह आहे.

या युक्तिवादात दोन दुवे आहेत. संगणकाने गोडी लागते, हा पहिला. गोडी लागली की शिकणे होते, हा दुसरा.

पहिला दुवा मान्य करू, पण त्याला मुदत आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. चार आठवड्यांच्या आत संपणाऱ्या प्रयोगांत संगणकाचा फायदा मोठा दिसत होता आणि आठ आठवड्यांपुढे चाललेल्या प्रयोगांत तो निम्म्याहून कमी उरत होता. तो फायदा बराचसा नावीन्याचा होता. आपल्याकडे ते नावीन्यही आता शिल्लक नाही. ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण शिक्षण पाहणीत 14 ते 16 वयाच्या जवळपास 90 टक्के मुलामुलींनी घरात स्मार्टफोन असल्याचे सांगितले. पडद्याचे अप्रूप घरीच संपलेल्या मुलाला शाळेतला पडदा किती काळ बांधून ठेवणार?

खरा दोष दुसऱ्या दुव्यात आहे. आपल्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, कारणाचे लक्षण सांगताना कुंभाराच्या गाढवाचे उदाहरण घेतले. माती वाहून आणणारे गाढव घडा होण्याआधी तिथे हजर असते, तरी ते घड्याचे कारण नाही. त्याला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ म्हटले. क्लार्क यांनीही किराणा पोचवणाऱ्या ट्रकचे उदाहरण देऊन जवळपास हेच सांगितले, की गाडीमुळे माणसाचे पोषण होत नाही, तिच्यातून आलेल्या अन्नाने होते. वर्गात संगणक होता, मुले खूश होती आणि मुले शिकली, एवढ्यावरून संगणक किंवा खुशी हे शिकण्याचे कारण ठरत नाही. त्यासाठी तोच संगणक वेगळ्या रीतीने वापरून पाहावा लागतो.

ती परीक्षा गुजरातेत झालेली आहे, आणि प्रबंधांत तिचा उल्लेख मला क्वचितच दिसतो. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत दुसरी-तिसरीच्या मुलांवर गणिताचा एकच संगणकीय कार्यक्रम दोन रीतींनी वापरून पाहिला. एका गटात शिक्षिकेच्या शिकवण्याचा काही वेळ काढून तो संगणकाला दिला. दुसऱ्या गटात शाळेचा वेळ तसाच ठेवून संगणकाचा वेळ वरून दिला. पहिल्या गटाची मुले 0.57 प्रमाण विचलनाने (गुणांतला फरक मोजण्याचे सांख्यिकी माप) मागे पडली. दुसऱ्या गटाची 0.28 ने पुढे गेली, आणि त्यातही सर्वांत मागे असलेल्या मुलांना जास्त लाभ झाला. यंत्र तेच, मुलेही तशाच घरांतली, फळ मात्र उलटे. फळ ठरवले ते वेळापत्रकाने. चांगली शिक्षिका बाजूला सारून तिथे पडदा ठेवला तर नुकसान होते, आणि तेवढा वेळ मुलाला ते आवडलेले असले तरी नुकसान भरून येत नाही.

पेरू देशात 319 शाळांवर झालेला अभ्यासही इकडेच बोट दाखवतो. लॅपटॉप आले, त्यांचा वापर वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या कार्यक्रमात चौथीच्या मुलांनी आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ खेळले आणि त्यांची प्रगती लक्षणीय झाली. मात्र कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात तिचा मोठा भाग ओसरला. याचा अर्थ संगणकाने शिकवता येते, पण एकदा शिकवून सोडून देता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग संगणक नकोच. पडदा मुलांना बिघडवतो, फळा-खडूच बरा. हाही तोच हेत्वाभास, फक्त उलट्या तोंडाचा. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमाचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केला. शाळेबाहेरच्या केंद्रात 45 मिनिटे संगणक आणि 45 मिनिटे लहान गटात माणसाकडून शिकवणे, अशी रचना होती. साडेचार महिन्यांत गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाची वाढ झाली. सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. कार्यक्रम त्यांना सहावीचे गणित दाखवत बसला नाही. मूल जिथे अडले होते तिथून त्याने सुरुवात केली.

गोडी कशी लागते, हे मला इथे दिसते. कालपर्यंत न जमलेला हातच्याच्या वजाबाकीचा हिशोब आज स्वतःला जमला, की मुलाला वजाबाकी आवडू लागते. जमणे आधी, आवडणे नंतर. आपण उलट क्रम गृहीत धरून रंगीत भिंती आणि चलच्चित्रांवर पैसे घालतो.

शेवगावच्या संदर्भात याचे महत्त्व फार आहे. तालुक्याची एक बाजू जायकवाडीच्या नाथसागराला लागून, उसाची. बोधेगाव-लाडजळगावकडची बाजू अवर्षणाची, ऊस तोडायला बाहेर पडणाऱ्यांची. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या आसपास गाव सोडते आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की परतते. हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे मूल राहिले तर ठीक. नाहीतर तेही फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, जाते. चार-पाच महिन्यांनी ते वर्गात बसते तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर असतो आणि ते भागाकारावरच थांबलेले असते. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना एकट्या त्याच्यासाठी मागे जाता येत नाही. संगणकाला जाता येते. नैयायिकांच्या भाषेत त्याचे असाधारण सामर्थ्य हेच: न कंटाळता, चारचौघांत न लाजवता, त्या मुलाला त्याच्या भागाकारापासून उचलणे.

आपण मात्र हे सामर्थ्य सोडून बाकी सर्व करतो. सरकारी योजनेतली संगणक प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. धरा, दहा संगणक आहेत आणि वर्ग पन्नासाचा. एका यंत्राभोवती पाच जण, तास 35 मिनिटांचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटे, तीही समान वाटली तर. माऊस बहुधा धीट मुलाच्या हाती राहतो. उसाच्या फडावरून परतलेली मुलगी मागून वाकून पाहते, आणि प्रश्नावली आली की तीही ‘पूर्णतः सहमत’ यावरच खूण करते. तिला तास खरोखरच आवडलेला असतो. तिचा भागाकार जिथल्या तिथे असतो.

म्हणून माझे मंडन असे आहे. गणिताच्या आणि भाषेच्या तासातला एकही मिनिट संगणकासाठी काढू नये. शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी प्रयोगशाळा उघडी ठेवावी, आणि पहिला हक्क हंगामावरून परतलेल्या मुलांचा असावा, एका यंत्रावर एक किंवा फार तर दोन. मूल कुठे अडले आहे हे आधी शोधणारा मराठी कार्यक्रमच निवडावा. पाठांची नुसती चित्रफीत दाखवणारा घेऊ नये. त्या वेळी खोलीत एक शिक्षक हवा, आणि त्या जादा वेळाचे मानधन त्याला मिळायला हवे. एवढा खर्च परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी नव्या पडद्याची आणि कोनशिलेची वर्गणी आधी त्या मानधनाला द्यावी.

आणि संशोधकांनी प्रश्नावली गुंडाळून ठेवावी. गुढीपाडव्यानंतर परतलेल्या मुलांना जूनमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये, संगणकाशिवाय, कागदावर भागाकाराची दहा उदाहरणे द्यावीत, आणि ज्यांना प्रयोगशाळा मिळाली नाही अशा मुलांच्या उत्तरांशी ती ताडून पाहावीत.