मध्यप्रांतातून गेलेला चित्ता

बिबळ्याला चित्ता म्हणण्याची खोड मराठी बोलण्यात इतकी मुरली आहे की, खरा चित्ता नागपूरच्या मुलखातून केव्हा नाहीसा झाला याची पुष्कळांस दादही लागली नाही. वास्तविक मार्जारकुळातील हे दोन आप्त परस्परांपासून बरेच दूरचे. बिबळ्या हा वाघ-सिंहांच्या अगदी जवळचा. त्याच्या अंगावर मध्ये पोकळ अशी काळी फुले असतात आणि झाडावर चढण्यात तो पटाईत. चित्त्याचे ठिपके भरीव, नख्या पुरत्या आत न जाणाऱ्या, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळलेली. तो डरकाळी फोडीत नाही, मांजरासारखा घुरघुरतो. बिबळ्यास झाडी लागते. चित्त्यास धावण्यासाठी मोकळा माळ लागतो.

त्याचा घात पुष्कळ अंशी या माळापायीच झाला. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, १८६७ साली तेथे आगगाडी पोचली, आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या जमिनीत कपाशीचा पेरा वाढत गेला. माळ नांगराखाली गेले तसे काळविटांचे कळप आटले, आणि त्यांवर जगणारा चित्ताही.

दुसरे कारण याहून जुने, आणि विचित्र आहे. राजेरजवाडे चित्त्यास माणसाळवून काळविटाच्या शिकारीस नेत. मोगल दरबारी असे शेकडो चित्ते होते. परंतु बंदिवासात त्यांची वीण होत नसे. एकदा मात्र ती झाली, आणि जहांगीराने ते नवल म्हणून आपल्या आठवणींत नमूद केले! म्हणजे शिकारखान्यातील जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला. पुढे देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर कोल्हापूर दरबारास तो आफ्रिकेतून आणवावा लागला. मध्यप्रांताच्या जंगलखात्यातील अधिकारी डनबर ब्रँडर यांनी १९२३ साली या भागातील वन्य पशूंवर ग्रंथ लिहिला, तेव्हा चित्ता प्रांतातून जवळजवळ नाहीसाच झाला होता.

शेवटची ठळक नोंद छत्तीसगडच्या बाजूची, कोरिया संस्थानातील. १९४७ साली एका रात्री तेथील महाराज रामानुज प्रताप सिंह देव मोटारीतून जात असता तीन चित्ते दिसले. तिन्ही नर, बहुधा एकाच विणीचे. महाराजांच्या दोन गोळ्यांत तिन्ही पडले. दुसरी गोळी एकाच्या अंगातून निघून मागच्यास लागली. ही हकीकत छायाचित्रासह मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे गेली, आणि सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादकांनी ती छापताना आपला तीव्र निषेधही छापला. १ जानेवारी १९४८ रोजी ते संस्थान मध्यप्रांत-वऱ्हाडात विलीन झाले, तेव्हा प्रांताच्या वाट्यास हे रान चित्त्यावाचूनच आले म्हणावयाचे. तो दिसल्याच्या तुरळक वार्ता पुढेही येत राहिल्या. तथापि १९५२ साली तो भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. ते आफ्रिकी वाणाचे आहेत. येथे नांदत होता तो आशियाई चित्ता आता केवळ इराणात, तोही मोजकाच, उरला आहे.