पौर्णिमेच्या रात्री वाघ मोजणारी माणसं

ऑफिसातल्या एका मित्रानं परवा मला एक जाहिरात फॉरवर्ड केली. आफ्रिकेत जा, दोन आठवडे सिंहाच्या छाव्यांना बाटलीनं दूध पाजा, व्हॉलंटिअरचं सर्टिफिकेट घ्या. वर त्याचा प्रश्न, 'तू भंडाऱ्याचा ना, जंगलवाला? येतो का?'

आधी त्या छाव्यांचं सांगतो. दक्षिण आफ्रिकेत कितीतरी फार्मवर सिंह पिंजऱ्यात वाढवले जातात. लहान असताना त्यांच्यासोबत फोटो काढायला आणि दूध पाजायला परदेशी पोरं पैसे भरून येतात. मोठे झाले की त्यातले काही कुंपणातच शिकाऱ्यांसमोर सोडले जातात. २०१५ मध्ये 'ब्लड लायन्स' नावाच्या डॉक्युमेंटरीनं हे सगळं उघड्यावर आणलं. आफ्रिकेतले सगळेच प्रोजेक्ट असे नाहीत, पण छावा मांडीवर देणाऱ्या जागेपासून लांबच राहायचं.

आजचा विषय मात्र आपल्या झाडीपट्टीचा आहे. आमच्याकडं जंगलाला व्हॉलंटिअर लागायचे ते दूध पाजायला नाही, मोजायला. आणि मोजण्याचा इतिहास लय भारी आहे, ऐका.

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्यामुळे आमच्या घरची मोठी माणसं आजही नागझिऱ्याला 'आपलं' म्हणतात. १९७२ ला देशभर वाघ मोजले, आकडा आला १,८२७. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. मोजायचे कसे? ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांची पद्धत होती पगमार्कची. वाघाच्या पंज्याचा ठसा शोधायचा, त्यावर काच ठेवून रेघ काढायची, प्लास्टरचा साचा घ्यायचा. जोडीला पाणवठ्यावरची मोजणी. बुद्ध पौर्णिमा धरायची, कारण मे महिन्यात बाकीचं पाणी आटलेलं असतं आणि रात्रभर चांदणं असतं. मचाणावर चोवीस तास बसायचं, पाण्यावर जे जे येईल ते कागदावर लिहायचं.

इथंच कॉलेजची पोरं, मास्तर, बँकेतले कारकून असे लोक कामी आले. वनरक्षक तरी किती पाणवठ्यांवर बसणार?

मी डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे यातली गोची मला लगेच दिसते. ड्युप्लिकेट एंट्री! एकच वाघ संध्याकाळी या पाणवठ्यावर, पहाटे त्या पाणवठ्यावर. दोन मचाणं, दोन वाघ. ठशांचंही तेच, ओल्या मातीत पंजा मोठा उमटतो, कडक जमिनीत लहान. आणि आकडा कमी आला तर वरून विचारणा होणार, मग कमी आकडा कोण लिहितो?

याची किंमत राजस्थानातल्या सरिस्कात कळली. कागदावर डझनभराहून जास्त वाघ होते. २००४-०५ मध्ये नीट शोधलं तर एकही नाही, शिकाऱ्यांनी संपवले होते. त्यानंतर पगमार्कची पद्धत मोडीत निघाली आणि २००६ च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅप आले. वाघाचे पट्टे म्हणजे त्याचं आधार कार्ड, प्रत्येकाचे वेगळे. नव्या पद्धतीचा पहिला आकडा १,४११ आला, तेव्हा देश हादरला. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. ते सॉफ्टवेअरनं चाळले. आपल्याच धंद्याचं काम म्हणायचं!

गंमत म्हणजे गीरचे सिंह आजही प्रत्यक्ष बघूनच मोजतात. सिंहाला पट्टे नाहीत, आणि तो कळपानं, त्यातल्या त्यात उघड्यावर राहतो. २०२० ला कोविडमुळे मोठी गणना लांबली, तर वनखात्यानं दर पौर्णिमेच्या 'पूनम अवलोकना'तून ६७४ हा आकडा दिला. म्हणजे पौर्णिमा तिकडंही आहेच.

आमच्याकडं मचाण उरलं ते 'निसर्गानुभव' म्हणून. फी भरा, रात्रभर बसा. एका वर्षी मी कोका अभयारण्यात बसलो होतो. रानडुकरं, चितळ, एक अस्वल. सोबतचे वनमजूर काका माकडाचा आवाज ऐकून हळूच म्हणाले, 'तिकडं आहे जी तो, पण येणार नाही.' आला नाहीच. माझ्या फॉर्मनं वाघांच्या आकड्यात काही फरक पडला नाही, हे मला बसायच्या आधीच माहीत होतं.

मग माणसांचं काम संपलं का? जयची गोष्ट बघा. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ मध्ये चालत चालत उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला. वाटेत शेतं, गावं, हायवे. देशभर नाव झालं. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणजे मोजणीतलं सगळ्यात पक्कं तंत्र. एप्रिल २०१६ मध्ये सिग्नल थांबला. वनखातं, गावकरी, हौशी पोरं, सगळ्यांनी जंगल पालथं घातलं, बक्षीस जाहीर झालं. जय सापडला नाही. वर्षभरानं त्याचाच मुलगा श्रीनिवास चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतातल्या विजेच्या तारेला चिकटून मेला. रानडुकरं पीक खातात म्हणून रात्री तारेत करंट सोडतात. कुठल्या बांधावर तार लागते हे सॅटेलाइटला दिसत नाही, गावात मात्र ते सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न फक्त ते सांगतील कुणाला एवढाच आहे, आणि पीक गेल्याची भरपाई वेळेवर मिळत नसेल तर का सांगावं, हाही.

म्हणून मला आमच्याकडचं खरं व्हॉलंटिअरिंग सारसांचं वाटतं. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच. महाराष्ट्रात तो उरलाय तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात, कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आणि त्याखालच्या धानाच्या बांध्या आहेत म्हणून. गोंदियाची 'सेवा' ही संस्था आणि वनखातं मिळून उन्हाळा सरताना गणना करतात. पहाटे अंधारातच टीम आपापल्या तलावावर पोचतात. सगळीकडं एकाच वेळी मोजतात, म्हणजे उडून गेलेली जोडी दोनदा धरली जात नाही. बघा, ड्युप्लिकेटचा बंदोबस्त, तोही कॅमेऱ्याशिवाय!

भंडारा जिल्ह्याचा आकडा अगदीच थोडा, बोटांवर मोजण्याइतका. मोजून झालं की टीम बांधावरच्या शेतकऱ्याकडं जाते. जोडी दिसली का, मागच्या पावसाळ्यात घरटं कुठल्या बांधीत होतं, अंडी किती होती, फवारणी कधी केली, वरून गेलेली विजेची लाइन किती खाली आली आहे. चहा होतो. फोन नंबर लिहून घेतात, कारण रोवणी झाल्यावर धानात घरटं दिसलं तर पहिला फोन त्याच शेतकऱ्याचा येणार असतो.