गाठीसारखा भासणारा मेंदूतील रक्तवाहिनीदाह : निदानाचा इतिहास

प्रस्तावना : सततची डोकेदुखी, फेफरे, शरीराच्या एका बाजूची दुर्बलता आणि मेंदूच्या चित्रणात दिसणारी गाठ यांवरून कर्करोगाची शंका येणे स्वाभाविक आहे. क्वचित ही गाठ कर्करोगाची नसून रक्तवाहिन्यांच्या दाहातून निर्माण झालेली असते. दोहोंचे उपचार भिन्न असल्याने निदानातील चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. प्रस्तुत लेखात या निदानाच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

शवविच्छेदनाचा कालखंड : १९२२ मध्ये नॉर्वेतील हार्बिट्झ यांनी धमनीदाहाच्या तोवर अज्ञात असलेल्या प्रकारांचे वर्णन केले. १९५९ मध्ये क्रॅव्हिओटो व फेगिन यांनी प्रामुख्याने मज्जासंस्थेस ग्रासणारा, जंतुसंसर्गाविना होणारा रक्तवाहिनीदाह स्वतंत्रपणे मांडला. तथापि त्या काळी हे निदान बहुधा मृत्यूनंतरच होत असे.

चित्रणाची साधने व त्यांची मर्यादा : एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बन येथे मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण साध्य केले, ते मुख्यतः गाठीचे स्थान शोधण्यासाठी. १९७१ मध्ये लंडनमध्ये ज्या रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तिच्याबाबतही मेंदूतील गाठीचीच शंका होती. या साधनांनी गाठ कोठे आहे हे दाखविले. ती कशाची आहे हे मात्र निश्चित सांगता आले नाही. पुढे आलेल्या एमआरआयमुळे चित्र अधिक सुस्पष्ट झाले, तरी हा प्रश्न पूर्णतः सुटला नाही. बाधित वाहिन्या अतिसूक्ष्म असल्यास वाहिनीचित्रणही निर्दोष दिसू शकते.

उपचार आणि निकष : १९८३ मध्ये कप्स, मूर, फाउची आदींनी स्टेरॉइड व सायक्लोफॉस्फामाइड यांच्या संयुक्त उपचाराने रुग्ण सुधारल्याचे नोंदविले. रोग उपचारसाध्य ठरताच वेळेवर निदानाचे महत्त्व वाढले. १९८८ मध्ये कॅलाब्रीज व मॅलेक यांनी निदानाचे निकष मांडले. २००८ मध्ये मोलॉय व सहकाऱ्यांनी गाठीच्या स्वरूपात प्रकटलेल्या अशा ३८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून असा दाह विरळ असला तरी औषधांना प्रतिसाद देऊ शकतो, हे पुढे आले.

ऊतकपरीक्षेचे स्थान : गाठीतील ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हाच निर्णायक पुरावा होय. परंतु दाह सलग नसून तुटक असल्याने निरोगी भागातील तुकडा हाती आल्यास निष्कर्ष फसवा ठरतो. स्टेरॉइडने गाठ आटली म्हणजे तो दाहच होता, असेही म्हणता येत नाही. मेंदूतील लिंफोमाही स्टेरॉइडने तात्पुरता आटतो. म्हणून रुग्णाची स्थिती अनुमती देत असेल, तर ऊतकपरीक्षेपूर्वी स्टेरॉइड टाळणे इष्ट मानले जाते.

निष्कर्ष : चित्रणाच्या साधनांत क्रांती झाली, तरी अंतिम निर्णय आजही ऊतकावरच अवलंबून आहे. पूर्वी मृत्यूनंतर मिळणारे उत्तर आता रुग्ण जिवंत असताना मिळू शकते, हीच या इतिहासाची खरी फलश्रुती होय.