एका पोटातील छिद्र आणि १०० अंश उष्णता

६ जून १८२२. अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, फर-व्यापाऱ्यांच्या दुकानात बंदूक चुकून उडाली आणि अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कॅनेडियन मजुराच्या पोटाला भोक पडले. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले. जखम भरली, जठरापर्यंतचे छिद्र मात्र कधीच बुजले नाही.

अन्न जठरात दळले जाते की कुजते, हा वाद तेव्हा जुना होता. ऑगस्ट १८२५ मध्ये बोमाँट यांनी छिद्रातून तापमापक आत घातला. पारा १०० अंश फॅरनहाइटवर थांबला. मग जठररस काढून कुपीत भरला, त्यात उकडलेल्या खारवलेल्या गोमांसाचा तुकडा टाकला आणि कुपी तितक्याच उष्ण पाण्यात ठेवली. रात्रीपर्यंत मांस विरघळले होते. दळणारे जठर तेथे नव्हतेच! पुढे थंड ठेवलेल्या रसात मात्र मांस जवळपास तसेच राहिले.

या रसातील पाचक द्रव्य १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी ओळखले: पेप्सिन. थंडीत त्याचे रेणू मंदावतात, अन्नाशी त्यांची गाठ क्वचित पडते; उकळल्यास त्यांची घडीच मोडते आणि ती सहसा पुन्हा बसत नाही.

बोमाँट यांचा ग्रंथ १८३३ मध्ये निघाला, कीर्ती त्यांना मिळाली. निरक्षर सेंट मार्टिन त्यांच्याकडे लाकडेही फोडत असे. १८३२ च्या कराराने त्याच्या देहाचे मोल ठरले वर्षाला १५० डॉलर. त्याने पाठ फिरवली ती कायमची.

१८८० मध्ये तो वारला. डॉक्टरांच्या हाती प्रेत लागू नये म्हणून कुटुंबाने ते जूनच्या उष्म्यात मुद्दाम सडू दिले, मग खोल पुरले.