पाच सप्टेंबरचा सामना : ग्लासगोचे दोन संघ, १९३१

फुटबॉलचा हंगाम सुरू होऊन चार आठवडे झाले की दोन तुल्यबळ संघांना तराजूत घालून पाहण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. गुणतक्ता अजून कोवळा असतो, एखाददुसऱ्या विजयावरून साऱ्या वर्षाचे भविष्य वर्तविले जाते आणि ते खोटे ठरले तरी सांगणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९३१ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेच चालले होते. शनिवारी, पाच तारखेला, आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक हे शहरातील दोन बलाढ्य व्यावसायिक संघ त्या मोसमाच्या साखळी स्पर्धेत प्रथमच समोरासमोर यावयाचे होते.

सेल्टिक म्हणजे कॅथलिकांचा संघ आणि रेंजर्स म्हणजे प्रॉटेस्टंटांचा, एवढ्या दोन शब्दांत या संघांची कथा बहुधा आटोपली जाते. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ती तशीच ऐकली असेल. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती अपुरी आहे आणि तिचे अपुरेपण त्या शनिवारइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही दिवशी दिसले नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम सेल्टिकची कुळकथा पाहू. आयर्लंडमधील दुष्काळानंतर हजारो आयरिश कुटुंबे पोटासाठी ग्लासगोस आली. शहराच्या पूर्वभागातील कोंदट वस्त्यांत ती राहू लागली आणि हाती येईल ते अंगमेहनतीचे काम करू लागली. स्लायगो परगण्यातील बॅलीमोट येथे १८४० साली जन्मलेले अँड्र्यू केरिन्स हे मारिस्ट व्रतस्थ बंधू, त्यांचे संघातील नाव ब्रदर वॉलफ्रिड, तेथे शाळेचे मुख्याध्यापक होते. उपाशी पोटी मूल शाळेत येत नाही आणि आले तरी शिकत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते. गरीब मुलांना दुपारी जेवू घालण्याची योजना त्यांनी काढली. पण तिला पैसा हवा होता. एडिंबरा येथे कॅनन हॅनन यांच्या धर्मग्रामातील आयरिश तरुणांनी १८७५ मध्ये काढलेला हायबर्नियन हा संघ तेव्हा भरात होता. त्याने १८८७ चा स्कॉटिश चषक जिंकला आणि ग्लासगोच्या आयरिशांना मार्ग दाखविला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी कॅल्टन भागातील सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली. चेंडू लाथाडून मुलांच्या ताटात भाकरी पडावी, असा तो साधा हिशेब होता.

रेंजर्स हा संघ त्याहून पंधरा वर्षांनी जुना. १८७२ मध्ये क्लाइड नदीकाठच्या ग्लासगो ग्रीनवर खेळणाऱ्या चार पोरसवदा मित्रांनी तो काढला. त्या आरंभात ना चर्च होते, ना पंथ. खेळण्याची हौस तेवढी होती. म्हणूनच २८ मे १८८८ रोजी सेल्टिकने आपला पहिला सामना खेळला तेव्हा पाहुणा संघ म्हणून रेंजर्सलाच बोलाविले. रेंजर्सनी आपल्या दुय्यम फळीतील बरेच खेळाडू पाठविले होते आणि सेल्टिकने ५-२ असा विजय मिळविला. नंतर दोन्ही संघ सेंट मेरीच्या सभागृहात एकत्र जेवले. पुढे ज्या दोन नावांच्या उच्चाराने शहरात चाकू निघाले, त्यांची पहिली गाठ अशी एका पंगतीला झाली.

मग वैर आले कोठून? त्याची उत्तरे अनेक आहेत आणि त्यांतली काही आपल्या बाजूला लागतात. सेल्टिकने चांगले खेळाडू मिळविण्यासाठी पहिला घाला घातला तो हायबर्नियनवर, म्हणजे आपल्याच धर्मबंधूंवर. ब्रदर वॉलफ्रिड १८९२ मध्ये लंडनला बदलून गेले, १८९७ मध्ये संघाची मर्यादित कंपनी झाली, भागधारकांना लाभांश मिळू लागला आणि मुलांच्या जेवणाचा वाटा आटत गेला. १९०४ च्या सुमारास एका क्रीडापत्राने या दोन संघांना ‘जुनी पेढी’ अशा अर्थाचे नाव दिले. दोघांचे भांडण हाच दोघांचा धंदा, हा त्यातील टोमणा कोणाला समजावून सांगावा लागला नाही. १९०९ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात दोनदा बरोबरी झाली. जादा वेळ खेळविला नाही म्हणून दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकदिलाने मैदानात उतरले आणि त्यांनी तिकिटांच्या खिडक्या पेटवून दिल्या. त्या वर्षी चषक कोणालाच दिला गेला नाही. एकोप्याचे असेही दाखले इतिहासात सापडतात!

पण पेढीच्या हिशेबापलीकडे खरे विषही होते. १९१२ च्या सुमारास बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीने रेंजर्सच्या शेजारी, गोव्हन भागात, जहाजबांधणीचा कारखाना चालविण्यास घेतला. त्याबरोबर अल्स्टरमधले प्रॉटेस्टंट कामगार आले आणि तेथील जुनी तेढही घेऊन आले. आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा लढा, महायुद्ध आणि त्यानंतरची बेकारी यांनी ती भडकविली. १९२३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय प्रॉटेस्टंट चर्चच्या सभेपुढे एक अहवाल आला. आयरिश वंश हा स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका आहे, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले होते. (या अहवालाबद्दल त्या चर्चने २००२ मध्ये खेद व्यक्त केला, हेही नोंदविले पाहिजे.) अशा वातावरणात रेंजर्सनी कॅथलिक खेळाडू घेणे बंद केले. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. पण अलिखित नियम लेखी नियमांहून चिवट असतात.

सेल्टिकचे दार मात्र उघडे राहिले. हायबर्नियनने प्रारंभी केवळ कॅथलिकांनाच संघात घेण्याचा नियम केला होता. सेल्टिकमध्येही प्रॉटेस्टंट खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालावी असा प्रस्ताव १८९५ च्या सुमारास आला होता. तो फेटाळण्यात आला. यामागे उदारपणा किती आणि उत्तम खेळाडू हातचा जाऊ न देण्याचा व्यवहार किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. आम्ही दोन्ही होते असे धरून चालतो. हेतू मिश्र असला तरी उघडे दार ते उघडेच.

असे हे दोन संघ १९३१ च्या उन्हाळ्यानंतर मैदानात उतरले. रेंजर्स हे सलग पाच वर्षे साखळी विजेते होते. व्यवस्थापक बिल स्ट्रुथ कमालीचे शिस्तप्रिय. त्यांचे खेळाडू कामावर येताना सूट आणि हॅट घालून येत. १९२९ मध्ये उघडलेला आयब्रॉक्सचा लाल विटांचा भव्य सज्जा हेच त्या संघाचे रूप होते : भक्कम, श्रीमंत आणि आत्मविश्वासाने भरलेले. डाव्या बगलेवर पेशाने खाण अभियंता असलेला बुटका अ‍ॅलन मॉर्टन, आघाडीत बॉब मॅकफेल आणि या साऱ्यांचा कर्णधार डेव्ही मीकलजॉन. १९२८ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात याच मीकलजॉनने पेनल्टी मारून सेल्टिकच्या ४-० अशा पराभवाचा आरंभ केला होता आणि रेंजर्सचा पंचवीस वर्षांचा चषकदुष्काळ संपविला होता.

सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली हे १८८८ च्या त्या पहिल्या सामन्यात स्वतः खेळलेले. संघ तरुण, पैसा बेताचा. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांनी मदरवेलला फेरसामन्यात हरवून स्कॉटिश चषक जिंकला होता आणि साखळीत रेंजर्सच्या मागे केवळ दोन गुण राहिले होते. आघाडीला जिमी मॅक्ग्रोरी होता, आयरिश वस्तीत वाढलेला, डोक्याने गोल करण्यात अद्वितीय. १९२८ मध्ये मेलींबरोबर लूर्डच्या यात्रेस जात असता लंडनमध्ये आर्सेनलच्या व्यवस्थापकाने त्याला गाठून मोठी रक्कम देऊ केली. सेल्टिकलाही तो विकला गेला तर हवाच होता, पण मॅक्ग्रोरीने नकार दिला. त्या निष्ठेचे बक्षीस म्हणून संघाने पुढे त्याला सहकाऱ्यांहून कमी पगार दिला, हे त्याला फार उशिरा कळले. भक्त यात्रेकरूंना असे अनुभव नवे नसावेत.

आणि गोलात जॉन थॉमसन. वय बावीस. फाइफ परगण्यातील कार्डेन्डन या खाणगावचा, चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला. १९२७ पासून तो सेल्टिकचा गोलरक्षक होता आणि चार वेळा स्कॉटलंडकडून खेळला होता. बारीक अंगाचा हा मुलगा आघाडीवीराच्या पायांवर बेधडक झेप घेई. १९३० मध्ये अशाच एका झेपेत त्याचा जबडा आणि बरगड्या मोडल्या होत्या. तुलनेच्या तराजूत सेल्टिकचे पारडे कोठे जड होते, तर येथे. हा थॉमसन कॅथलिक नव्हता. त्याचे आईवडील एका लहान प्रॉटेस्टंट पंथाचे होते.

रेंजर्सची नवी आशा होती सॅम इंग्लिश. उत्तर आयर्लंडात जन्मलेला, क्लाइडकाठच्या जहाजगोदीत पत्र्याचे काम केलेला हा तेवीस वर्षांचा तरुण त्याच उन्हाळ्यात संघात आला होता. थॉमसनला सेल्टिकच्या गोलात जागा होती. कॅथलिक घरातला एखादा सॅम इंग्लिश असता, तर मात्र आयब्रॉक्सची पायरी चढणे त्याला जमले नसते. दोन संघांतील खरा फरक आम्हांस या एका जागी दिसतो.

त्या शनिवारी सुमारे ऐंशी हजार प्रेक्षक होते. पहिला अर्धा भाग नीरस झाला. मध्यंतरानंतर काही मिनिटांत इंग्लिश चेंडू घेऊन मोकळा सुटला आणि गोलावर फटका मारण्याच्या बेतात असता थॉमसन त्याच्या पायांवर झेपावला. गुडघा कपाळाच्या बाजूला आदळला. चेंडू गोलाबाहेर गेला. थॉमसन उठला नाही.

इंग्लिश स्वतः लंगडत त्याच्याकडे गेला आणि त्याने मदतीसाठी खुणा केल्या. गोलामागे उभे असलेले रेंजर्सचे समर्थक मात्र गोलरक्षक जायबंदी झाल्याचा आनंद मानून हुर्यो करीत होते. तेव्हा मीकलजॉन त्यांच्यासमोर गेला आणि त्याने हात उंचावून त्यांना गप्प केले. ऐंशी हजारांचे मैदान शांत झाले. सामना पुढे खेळला गेला, चिक गीटन्सने गोल सांभाळला आणि ०-० अशी बरोबरी झाली. कवटीचे हाड आत दबले होते. शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. फाइफहून आईवडील इस्पितळात पोहोचले आणि थोड्याच वेळात, रात्री साडेनऊच्या आत, जॉन थॉमसन वारला.

नऊ सप्टेंबरला कार्डेन्डनजवळच्या बोहिल दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. मंदीचे दिवस होते. रेल्वेच्या तिकिटाला पैसे नसलेले कित्येक बेकार ग्लासगोहून पन्नासांहून अधिक मैल चालत गेले. शवपेटी सहकारी खेळाडूंनी वाहिली. एका प्रॉटेस्टंट खाणकामगाराच्या मुलासाठी त्या आठवड्यात ग्लासगोच्या कॅथलिक घरांतून किती रोजऱ्या म्हटल्या गेल्या असतील, त्याची नोंद कोण ठेवणार?

चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. परंतु साक्ष देताना मेलींना अपघात होता का असे विचारले, तेव्हा तो अपघात असावा अशी आपण आशा करतो, मत बनविण्याइतके आपण पाहिले नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अचूक असेल. एका निरपराध तरुणाच्या वाट्याला मात्र ते आयुष्यभर आले. थॉमसनच्या घरच्यांनी इंग्लिशला कधी दोष दिला नव्हता, मग मेलींना तेवढे मोठे मन दाखविता आले नसते काय? आपल्या बाजूचा माणूस म्हणून आम्ही त्यांना येथे झाकून घेणार नाही.

त्या मोसमाची साखळी या दोघांपैकी कोणीच जिंकली नाही. मदरवेल पहिला आला, रेंजर्स दुसरे, सेल्टिक तिसरे. १९०५ ते १९४७ या साऱ्या काळात या दोन संघांखेरीज तिसऱ्याने विजेतेपद मिळविल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. सप्टेंबरातील तुलनाकारांपैकी मदरवेलचे नाव घेणारे फारसे कोणी नसावेत.

उघड्या दारातून पुढेही माणसे येत राहिली. ऑगस्ट १९३६ मध्ये, पुन्हा हंगामाच्या आरंभीच, कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम हा मुसलमान खेळाडू सेल्टिकच्या दुय्यम संघातून दोन सामने खेळला. बूट न घालता, पायांना पट्ट्या गुंडाळून! त्याला संधी देणारे मेलीच होते. माणसे अशी एका शब्दात बसत नाहीत. १९६७ मध्ये सेल्टिकने लिस्बन येथे युरोपीय चषक जिंकला, तेव्हा व्यवस्थापक जॉक स्टाइन हा प्रॉटेस्टंट होता. रेंजर्सची अलिखित भिंत खऱ्या अर्थाने पडली ती जुलै १९८९ मध्ये, सेल्टिकचा माजी आघाडीवीर मो जॉन्स्टन याला त्यांनी करारबद्ध केले तेव्हा. रेंजर्सच्या काही समर्थकांनी गळपट्टे जाळले. सेल्टिकवाल्यांनी त्याला गद्दार ठरविले. दोन्ही बाजूंना एकाच माणसाचा राग यावा, हे १९०९ नंतर क्वचितच घडले असेल.

सॅम इंग्लिशने त्या दुर्दैवी मोसमात साखळीत ४४ गोल केले. एका हंगामातील रेंजर्सचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. पण प्रत्येक मैदानावर प्रेक्षक त्याला खुनी म्हणून हिणवीत. १९३२ मध्ये तो इंग्लंडला, लिव्हरपूलला गेला. टोमणे तेथेही आले. १९३८ मध्ये तिशीतच त्याने खेळ सोडला आणि पुन्हा जहाजगोदीत कामाला लागला. १९६७ च्या एप्रिलमध्ये तो वारला, लिस्बनच्या त्या विजयाच्या सहा आठवडे आधी.