शहाण्या मूर्खाची चाकरी

शेक्सपिअरच्या सुखात्मिकांमधला ‘शहाणा मूर्ख’ शिकवताना आपण एक वाक्य हमखास सांगतो : धन्यासमोर खरे बोलण्याची मुभा एकट्या त्यालाच होती. वाक्य चुकीचे नाही; पण ही मुभा देतो कोण, आणि ती टिकवायला काय करावे लागते, हा प्रश्न त्यात बुजून जातो.

मुळात असे पात्र त्याच्या नाटकांत आरंभापासून नव्हते. त्याच्या नाटकमंडळीतला विल केम्प हा नाचरा, गावरान विनोदाचा नट. ‘मच अ‍ॅडो अबाउट नथिंग’च्या १६०० सालच्या छापील प्रतीत डॉगबेरीच्या संवादांपुढे चक्क केम्पचेच नाव पडलेले आढळते. १५९९च्या सुमारास त्याने मंडळी सोडली (पुढच्याच वर्षी तो लंडनहून नॉरिचपर्यंत नाचत गेला!) आणि रॉबर्ट आर्मिन आला. हा सोनाराकडे उमेदवारी केलेला, गाणारा, स्वतः लेखक. जन्मजात भोळसट आणि पोटासाठी मूर्खाचे सोंग घेणारा यांतला भेद तो जाणून होता. ‘टचस्टोन’ म्हणजे कसोटीचा दगड; हे नाव आर्मिनच्या जुन्या धंद्यावरची कोटी असावी, हा तर्क मला पटतो.

‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला फेस्टे आर्मिननेच रंगवला, असे अभ्यासक मानतात. भावाच्या शोकात बुडालेल्या ऑलिव्हियाला तो मूर्ख ठरवतो : भाऊ स्वर्गात असेल, तर रडायचे कशाला? हा युक्तिवाद आपण वर्गात कौतुकाने सांगतो. मात्र त्याच्या क्षणभर आधी काय घडते? फेस्टे न सांगता घराबाहेर राहिलेला आहे, आणि आता फाशी नाही तर हकालपट्टी, असे मारिया त्याला बजावते. म्हणजे ते शहाणपण नोकरी वाचवण्यासाठी पाजळलेले आहे. मालव्होलिओ नेमके हेच वर्म काढतो : मालकीण हसली नाही, की याची वाचा बंद. हा घाव फेस्टे विसरत नाही. पुढे अंधारकोठडीतल्या मालव्होलिओला तो धर्मगुरूच्या वेषात छळतो, आणि अखेरीस त्याचेच शब्द त्याला परत करतो. इथे तो शहाणा आहेच, पण निर्दयही आहे.

मराठीत आपण त्याला ‘विदूषक’ म्हणतो, तेव्हा थोडी गफलत होते. ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय दरिद्री झालेल्या चारुदत्ताला सोडत नाही, तो मित्र आहे. फेस्टे व्हायोलाकडून, ऑर्सिनोकडून, सेबॅस्टियनकडून नाणी घेतो. हे पैसे मोजल्याखेरीज त्याचे विनोद नीट कळत नाहीत.

२ फेब्रुवारी १६०२ रोजी मिडल टेंपलमध्ये हे नाटक पाहून मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्याने रोजनिशीत कारभाऱ्याची फजिती आवर्जून नोंदवली. फेस्टेविषयी अक्षरही नाही. नाटकात तरी वेगळे काय होते? जोडपी जुळून आत जातात. तो एकटा मागे राहून पावसाचे गाणे गातो, आणि त्या गाण्याचा शेवटही प्रेक्षकांना रोज खूश करण्याच्या हमीने होतो.